अकरा पदर, एक कंडक्टर

१७ नोव्हेंबर, रविवार

राजदीपला आज फोनवर सांगून टाकलं, आम्ही श्रीलंकेला चाललो. आधी तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

"आई, तू यवतमाळच्या पुढं कधी गेलती काय?"

"बाप्पा! चोवीस वर्षं घाटंजी-यवतमाळ गाडीवर कंडक्टर होती मी. तेवढ्या चकरांत पृथ्वीले वेढे पडले असतील."

"थे वेगळं हाय."

"काहून वेगळं? तिकडं गाडीत मानसंच बसतात ना?"

पुण्याला नोकरी लागल्यापासून या पोराला आई म्हणजे काचेचं भांडं वाटते. "कुनी हरवलं तर? पैसे गेले तर? पोलिसाचं लफडं झालं तर?" एकामागून एक. मी फोन ठेवला.

पण इथं कोणी वाचत नाही म्हणून लिहिते, त्याचं शेवटचं वाक्य टोचलं. "काही झालं तर तुलेच नावं ठेवतील." खरं आहे ते. आमच्या विहाराच्या महिला मंडळाची भिशी आहे. बायांनी तीन वर्षं दर महिन्याला पैसे टाकले ते एकाच गोष्टीसाठी. अनुराधपूरला सम्राट अशोकाच्या लेकीनं, संघमित्तेनं, बोधगयेहून नेलेल्या बोधिवृक्षाच्या फांदीचं झाड आहे. त्याच्याखाली बसून एकदा वंदना म्हणायची. भिशी माझ्याकडे, पुढारीपण माझ्याकडे. एखादी बाई जरी रडत परत आली, तर आमच्या वस्तीतलं एकही घर पुन्हा आपल्या बाईला जिल्ह्याबाहेर पाठवणार नाही. अकरा जणी न्यायच्या, झाडाखाली बसवायच्या, हसत परत आणायच्या. बस, एवढंच.

१ डिसेंबर, रविवार

विहारात माझा परदेशवर्ग सुरू झाला. राजदीपनं पाठवलेल्या सूचना वाचून दाखवल्या तर अर्ध्या बाया पेंगायला लागल्या. मग मी माझ्या पद्धतीनं घेतलं. बोलत बोलत मागून फिरले आणि एकेकीची पर्स उचलून टेबलावर ठेवत गेले. बसस्टँडवरचे पाकीटमार मी इतके पाहिले आहेत की त्यांची कला मलाही थोडी येते. शेवटी म्हटलं, "आता आपापल्या पर्सा घ्या." बाया ओरडल्याच.

ममताची पर्स उघडून पाहिली तर आत काहीच नाही. दोन बसची तिकिटं आणि चिल्लर.

"पैसे कुठी?" मी विचारलं.

"पर्शीत कायले ठेवू? पर्स तर चोरासाठी राह्यते."

बाया हसल्या. ममता म्हणजे माझी धाकटी जाऊ. शिवणकामाचं दुकान आहे तिचं. तीस वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आणि तीस वर्षं तिला माझ्यावर वरचढ व्हायचं आहे. पण तिची गोष्ट चांगली होती, म्हणून मी ती लगेच नियमात घातली. दिखाऊ पर्स हातात, त्यात दिवसभराच्या चहापाण्याचे पैसे. बाकीचे अंगावर. कार्ड एकीकडे, रोकड दुसरीकडे. पासपोर्टची झेरॉक्स स्वतःच्या पिशवीत नाही, शेजारणीच्या पिशवीत. गर्दीत चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, जिथं आहे तिथंच उभं राहायचं. मी येईन.

"अन् तुमीच चुकल्या तर?" ममतानं विचारलं.

मी पुढचा नियम सांगायला घेतला.

१५ डिसेंबर, रविवार

माझी सगळ्यात मोठी कामगिरी आज पूर्ण झाली. नागपूरहून साड्या आल्या. पांढऱ्याशुभ्र, निळे काठ, आणि पदरावर हातभर मोठा भगवान बुद्धांचा चेहरा, छापून घेतलेला. डोळे मिटलेले, इतका शांत की गठ्ठा सोडल्याबरोबर बायांनी हात जोडले. अकरा जणी अशा ओळीनं चालल्या तर सगळ्या लंकेला कळेल की यवतमाळ जिल्ह्यातून कोण आलं आहे.

एकटीचं तोंड वाकडं. कोण ते लिहायला नको.

"बाई, पदरावर काहून छापला? पदरानं आपुन घाम पुसतो, लेकराचं नाक पुसतो. बसताना बुडाखाली येते."

"या पदरानं कोनी नाक पुसनार नाई. मी सांगून ठेवीन."

"सांगून राह्यते काय? हात आपोआप जाते."

आधी विचारलं असतं तर बाईसाहेबांनी दुसरी साडी सुचवली असती, हेच खरं दुखणं. बाकी सगळ्या खूश आहेत. विहारासमोर साड्या पुढं धरून फोटो काढला. राजदीपची बायको दीपा हिनं लगेच पुण्याहून लिहिलं, 'आई, खूपच सुंदर.'

१२ जानेवारी, रविवार

आज चोरकप्प्यांचा दिवस. ममतानं मशीन विहारात आणलं आणि प्रत्येकीच्या परकराला आतून कप्पा शिवून दिला. वर चेन, खाली दुहेरी शिलाई. पासपोर्ट नीट मावतो. आमच्या बायांच्या हसण्यानं छप्पर उडायचं बाकी होतं. रामीबाई तर तो परकर घालून नाचूनच राहिली.

रामीबाई ही बंजारा तांड्यावरची. आठवडी बाजारात तिचं भाजीचं दुकान, माझ्या जुन्या प्रवाशांपैकी. आमच्यातल्या एकीच्या सुनेचं बाळंतपण आलं, म्हणून तिच्या जागी ती आली. तिनंही आमच्यासारखीच साडी घेतली. "देव तर सगळ्याईचाच असते," म्हणाली. मी म्हटलं, आमचा देव नाही, गुरू. ती म्हणाली, "मंग तर अजून बरं." तिला दोन गोष्टी सांगितल्या, चांदीचे दागिने घरी आणि खर्रा तर अजिबात नाही. चांदी म्हणजे चोराला आमंत्रण, आणि तंबाखू नेऊन परदेशात अडकायचं आहे का? तिनं मान हलवली. होकार होता का ते कळलं नाही.

एका गोष्टीचा मात्र संताप आला. साडीच्या आतल्या टोकाला ब्लाउज पीस जोडून आलेला आहे, त्याला निळी किनार. ममतानं तो एकीचाही कापला नाही. ब्लाउज दुसऱ्याच पांढऱ्या कापडाचे शिवून टाकले.

"किनारीचं ब्लाउज किती शोभलं असतं!"

"राहू द्या ना बाई तसाच. साडी मोठी असली तं कामी पडते."

मोठी साडी कोणत्या कामी पडते? निऱ्या जाड येतात, एवढंच. माझं करायचं म्हटलं की काहीतरी मोडता घालायचाच.

८ फेब्रुवारी, शनिवार. नागपूर विमानतळ

तपासणीच्या दारात रामीबाई उभी राहिली आणि यंत्र कोकलायला लागलं. साडीखाली पायात वाळे, दंडावर कडी, गळ्यात हसळी. "घरी कुनाच्या भरोशावर ठेवू?" म्हणे. सगळं काढून, तपासून, परत घालेपर्यंत मागची रांग आमच्याकडे बघत राहिली. खर्र्याची पुडी मी स्वतः कचऱ्यात टाकली. तिनं पुडीकडे असं पाहिलं जशी काही लेक सासरी चालली आहे.

ममताच्या पेटीचं वजन जास्त भरलं. उघडून पाहिलं तर दुकानातली मोठी कात्री, पांढऱ्या दोऱ्याची रिळं, सुयांचा डबा. तरी बरं, पेटी खाली सामानात जाणारी होती, हातातल्या पिशवीत असती तर कात्री तिथंच गेली असती.

"तिकडं दुकान टाकतं काय?" मी म्हटलं.

"कप्पा उसवला तं?"

माझी बॅग तिनं आल्या आल्या खांद्यावर घेतली ती शेवटपर्यंत सोडली नाही. सगळ्यांसमोर दाखवायचं की बाईंचं वय झालं. गुडघा दुखतो माझा, पण ते काय पाटी लावून सांगायचं?

९ फेब्रुवारी, रविवार. कोलंबो

चेन्नईला विमान बदलून पोहोचलो. अकराही.

विमानतळावरच्या बँकेच्या खिडकीत पैसे बदलून घेतले. बाहेर एक माणूस जास्त भाव देतो म्हणून मागं लागला होता. त्याला मी फक्त पाहिलं. बिनतिकीट माणसाकडे पाहायची माझी एक नजर आहे, ती लंकेतही चालते. खिडकीतल्या मुलाकडून पावती घेतली, लहान नोटा मागितल्या आणि त्याच्यासमोरच मोठ्यानं मोजल्या. मोजून होईपर्यंत हललेच नाही. मागचे गोरे लोक थांबले. थांबू दे, आम्ही पण आयुष्यभर थांबलो.

इथंही रुपयेच, पण आपला एक म्हणजे इथले तीनाच्या वर. बायांच्या हातात नोटांचे जाड पुडके आले तेव्हा रामीबाईनं तांड्याच्या बोलीत आईला हाक मारली, "याडी! मी तं सावकारीन झाली."

आमचा गाईड नुवान नावाचा मुलगा आहे. मोडकं हिंदी बोलतो आणि सगळ्यांना अम्मा म्हणतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज दोन विजय.

पहिला बाजारात. रामीबाईची पर्स गेली. गर्दीत धक्का आणि पर्स गायब. ती जिथं होती तिथंच उभी राहिली, नियमाप्रमाणे, आणि मी पोहोचले तेव्हा हसत होती. पर्समध्ये काय होतं? थोडी चिल्लर आणि एक पुडी. म्हणजे खर्र्याची दुसरी पुडी होती तर! बाकी सगळं परकरात शाबूत. त्या चोराचं काय झालं असेल कोण जाणे. घाटंजीचा खर्रा आहे, चक्कर आली असेल.

दुसरा विजय तीनचाकीवाल्यावर. तिघी-तिघी बसून हॉटेलवर आलो. चढायच्या आधी भाव ठरवला होता, पाचशे. उतरायच्या वेळी माझा तीनचाकीवाला म्हणतो, "इंडियन रुपीज, अम्मा." म्हणजे तिप्पट! मी खाली उतरले, हातात इथल्या पाचशेची नोट धरली आणि भरल्या गाडीत ओरडायचे त्या आवाजात मराठीत सुरू केलं. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याला एक शब्द कळला नसेल, पण सूर कळला. नोट घेतली आणि पळाला. तेव्हाच वर्गासाठी नवा नियम ठरवला की नुसता भाव ठरवून भागत नाही, रुपये कोणत्या देशाचे तेही चढायच्या आधी विचारायचं.

जेवताना ममता म्हणाली, "बाई, उद्या अनुराधपूरले त्या साड्या नेसाच्या आधी नुवानले एकडाव इचारू."

"काय इचाराचं? पांढरंच नेसाचं असते तिथं. मले माहीत हाय."

"पदराचं इचारू."

"झोप तू," मी म्हटलं. खिडकीजवळचा, चांगल्या उशीचा पलंग तिनं मला दिला आणि वर म्हणे, "तिथून बाथरूम जवळ पडते." बघा, यातही टोमणा.

११ फेब्रुवारी, मंगळवार. अनुराधपूर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

नुवान सकाळी दुसऱ्या गाडीनं पुढं गेला होता, म्हणून आम्ही साड्या नेसून तयार बसलो ते त्यानं पाहिलंच नाही. मोठ्या स्तूपाच्या फाटकाशी उतरलो. किती सुंदर, किती पांढरा, सांगता येत नाही. चपला काढल्या. रामीबाई दम लागला म्हणून कट्ट्यावर बसली आणि बाजूनं जाणारी एक म्हातारी जागच्या जागी थांबली. तिनं रामीबाईकडे पाहिलं, हात जोडले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, भक्ती बघून आलं. मग लक्षात आलं. रामीबाई पदरावर बसली होती. चेहऱ्यावर.

पोलीस बाई आली. रागावली नाही, तेच जास्त लागलं. आम्हाला बाजूला नेलं. नुवान धावत आला, पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, बुद्ध भगवान कपड़े पर नहीं. यहाँ कानून में भी गलत है." लोक जमले होते. आम्ही अकरा जणी, ज्यांनी आयुष्यभर त्या चेहऱ्यापुढं हात जोडले, त्याच चेहऱ्याचा अपमान करणाऱ्या म्हणून उभ्या होतो.

पोलीस बाईनं काहीतरी विचारलं, नुवाननं आम्हाला हिंदीत सांगितलं, "लीडर कौन?"

माझं तोंड उघडायच्या आत ममता पुढं झाली. "मी. साड्याई मीच शिवून आनल्या."

तिथंही! अशा वेळीही हिला पुढारी व्हायचं होतं! मला एवढा राग आला की बोलताच आलं नाही. पोलीस बाई तिला नुवानमार्फत बरंच काही समजावत राहिली, नाव लिहून घेतलं. ममता मान खाली घालून ऐकत होती. मग आम्हाला सोडलं. पदर दिसू न देता परत जा आणि उद्या या साड्यांत येऊ नका, एवढं बजावून.

धर्मशाळेत आलो. मी राजदीपला फोन केला. तो ओरडेल वाटलं होतं, पण हळू आवाजात म्हणाला, "तू ठीक आहेस ना? मग झालं. रंगीत साड्या नेसून जा उद्या." सोपं आहे त्याला म्हणायला. प्रवासाच्या रंगीत साड्या तीन दिवस अंगावर आहेत, घामट. उद्या इथली पौर्णिमा, सगळं गाव पांढऱ्यात येणार. नवीन घ्यावं तर नुवान म्हणतो पौर्णिमेला दुकानं बंद, आणि आज दिवस मावळायच्या आत लांबचा बाजार गाठणं शक्य नाही. आणि या चेहऱ्यांचं काय करायचं? घडी करून मळक्या कपड्यांत कोंबायचं?

माझीच चूक. माझा तोरा. मला मिरवायचं होतं आणि मी भगवंताचा चेहरा मिरवायला काढला. एक बाई रडत आहे. तीच ती रडत परत आलेली बाई, जिची मला भीती होती. आणि ती मीच आहे.

११ फेब्रुवारी, रात्री उशिरा

किती तासांत काय होतं! आधी रडगाणं लिहिलं ते खोडणार नाही, पण आता हे वाचा.

धर्मशाळेला लागून छोटं विहार आहे, तिथले भंते म्हातारे, सावळे, सतत हसणारे. ममता आणि नुवान त्यांच्याकडे जाऊन बसले होते. थोड्या वेळानं ममता मला ओढतच घेऊन गेली.

"बाई, भंतेजीईले तुमीच इचारा. पुढारी तुमी हा."

"काय इचारू?"

"चेहऱ्याले न लावता खालून कात्री लावली, अन् पदर वर भिंतीवर लावला, तं चालते काय म्हनून."

मी विचारलं. नुवाननं सांगितलं. भंते खूप हसले. मग त्यांनी आपलं चीवर उजेडात धरलं आणि बोटानं शिवणी दाखवल्या. त्यांचं अख्खं वस्त्रच तुकडे कापून जोडलेलं होतं, भाताच्या बांधांसारखं. नुवान सांगत होता, भिक्खूचं चीवर असंच करतात, अखंड कापडाचं नाहीच. भंते म्हणाले, कापण्यात अपमान नाही. अंगावर, पायाशी, बसायच्या जागी ठेवण्यात आहे. उंच जागी लावा, माझ्याच विहारात लावा, मी सांभाळीन.

मग काय! सतरंजी टाकली. मोठी कात्री निघाली. नशीब पाहा, ममतानं ती आणलीच होती! आणि दुसरं नशीब, ब्लाउज पीस एकीचाही कापलेला नव्हता, त्यामुळे पदर गेला तरी साडी तेवढीच्या तेवढी उरली. काठ तेच, पांढरी तीच, फक्त पदर कोरा. माझ्या हातून साड्यांची निवडच अशी झाली होती की सगळं जुळून आलं.

पहिला पदर माझा. कात्री धरली तर हात चालेना. ममतानं माझ्या हातावर हात ठेवला. "सरळ जा बाई. चेहरा लय वर हाय." कापलं.

अकरा पदर जोडले. ममता कापत होती, बाकीच्या टाके घालत होत्या आणि रामीबाईनं कडेनं तांड्यातला टाका घेतला, जाड, रंगीत, त्यांच्या घागऱ्यावर असतो तसा. दोरा कुठून आणला? तिच्या पिशवीतून. मी तिला पिशवीत आणखी काय काय आहे ते विचारलं नाही. बायांची गाणी सुरू झाली, भीमाची आणि तांड्याची, एकमेकांत मिसळून. शेजारच्या खोल्यांतल्या सिंहली बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. एक आत आली, सुई मागितली आणि आमच्यात बसली. भाषा एक नाही, पण टाका सरळ घालत होती.

चेहरा कुठंही मोडला नाही. अकरा शांत चेहरे एका ओळीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पौर्णिमा

आज लिहायला शब्द पुरणार नाहीत, तरी लिहिते.

सकाळी भंत्यांच्या विहारात ते वस्त्र भिंतीवर चढलं. दोन तरुण भिक्खू शिडीवर, खाली सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत. भंत्यांनी विचारलं, हे कोणी करवलं? ममतानं मला मागून असा धक्का दिला की मी थेट भंत्यांसमोर. "या बाईनं," ती म्हणाली. शेवटी तिला कळलं तर, पुढारी कोण ते.

भंत्यांनी माझ्या मनगटाला पांढरा दोरा बांधला. मी वर पाहिलं. माझा गुडघा, माझी भिशी, राजदीपची काळजी, सगळं विसरले. पाठीमागून वारा आला की ते अकरा चेहरे हलायचे, जसे काही एकदम श्वास घेत आहेत. मी रडले, मोठ्यानं. मला त्याची लाज वाटत नाही.

मग झाड. फाटकाशी तीच पोलीस बाई होती. आमचे कोरे पदर पाहिले, थांबली, मग तिनं आमच्याकडून फुलांची परडी घेतली, तपासली आणि परत देताना हात जोडले. माझा मोबाइल स्वतः मागून घेतला आणि आमचा फोटो काढला, झाडाकडे तोंड करून, कारण त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत नाहीत हे आता अकराही जणींना पाठ आहे.

आम्ही झाडाखाली बसलो आणि वंदना सुरू केली. आमच्या घाटंजीच्या चालीत, जरा ओरडून, विहारात म्हणतो तशी. दुसऱ्या ओळीला मागून आवाज आला. मी वळून पाहिलं. सिंहली बाया आमच्याबरोबर म्हणत होत्या, तेच शब्द, त्यांच्या चालीत. कालची ती म्हातारीही होती, रामीबाईच्या शेजारी बसलेली. दोन चाली आधी आपटल्या, मग एक झाल्या. समुद्रापलीकडं, जिथं आमचं एक माणूस ओळखीचं नाही, तिथं शेकडो बाया आमच्यासारखंच म्हणत होत्या. आमच्या आज्यांना गावच्या विहिरीवर चढू दिलं नव्हतं. आम्ही इथं बसलो होतो आणि कोणी उठवणार नव्हतं.

रामीबाई मला म्हणाली, "इंदूबाई, मी बी म्हनलं. मले येते आता."

राजदीपला फोटो पाठवला. त्यानं फोन केला आणि काही बोललाच नाही. मी म्हटलं, "काय झालं?" तो म्हणाला, "काही नाई. आवाज आयकासाठी केला."

१६ फेब्रुवारी, रविवार. घाटंजी

घरी. अकराच्या अकरा, हसत. पासपोर्ट अकरा, पैसे सगळ्यांचे उरले. हरवलं काय तर एक दिखाऊ पर्स आणि खर्रा.

वस्तीत ढोल होता. विहारासमोर पुढच्या तुकडीसाठी नावं द्यायला बाया उभ्या होत्या, त्यांत दोन सुना ज्यांना नवऱ्यानं स्वतः पाठवलं. राजदीप विचारतो, पुढच्या वेळी दीपाला पाठवू का. मी म्हटलं, "आधी वर्गाला येऊ दे."

पण मला लिहायचं आहे ते यवतमाळहून येतानाचं. नागपूरहून यवतमाळला आलो आणि घाटंजीची गाडी धरली. माझीच गाडी, माझाच रस्ता. कंडक्टर नवीन मुलगी, माझ्या हाताखाली शिकलेली. "बाई, या," म्हणून पुढची जागा दिली. ममता शेजारी बसली आणि बसल्या बसल्या माझ्या खांद्यावर झोपली. तिचा हात माझ्या मांडीवर पडला होता. बोटांची टोकं सुईनं भोकं भोकं झाली होती, आणि कात्रीच्या कड्यानं अंगठ्याला फोड आला होता. पाच दिवस मी ते पाहिलंच नव्हतं. माझी बॅग अजून तिच्या मांडीवर होती, पट्टा मुठीत धरून.

काय वाटलं कोण जाणे. काहीतरी सांगायचं होतं, पण तीस वर्षांत तशी सवय नाही.

वाटेत एका गावाला गाडी थांबली. ती कंडक्टर मुलगी म्हणाली, "बाई, आज बेल तुमीच द्या. लंका जिंकून आल्या तुमी."

मी दोरी हातात घेतली. सवयीनं मागं वळून मोजलं. अकरा. मग ममताला हलवून उठवलं आणि दोरी तिच्या हातात दिली.

"मी? मले नाई येत."

"येते. दोन डाव ओढ."

"चुकलं तं?"

"चुकलं तं मी हावो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग दोरी ओढली, दोनदा, जोरात. गाडी सुटली.